गोव्याआधी एक स्प्रिंट: नोकरी सांभाळून मुंबईत पहिली ट्रायथलॉन कशी करावी

मिलिंद सोमण यांनी २०१५ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर झ्युरिकची आयर्नमॅन, म्हणजे लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, पूर्ण केली, आणि २०१९ पासून पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर हाफ आयर्नमॅन सुरू झाली. तेव्हापासून मुंबईतल्या हौशी धावपटूंच्या डोक्यात ट्रायथलॉन म्हणजे गोवा हे समीकरण पक्कं बसलंय. जानेवारीतली हाफ मॅरेथॉन दोन-तीनदा झाली की गडी थेट गोव्याचा फॉर्म भरून मोकळा होतो. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. पोहण्याचा अनुभव काय, तर मे महिन्यात मामाच्या विहिरीत मारलेल्या उड्या.

माझं मत याच्या अगदी उलट आहे. मुंबईच्या आसपास छोट्या ट्रायथलॉन होतात, त्यातल्या निदान दोन आधी कराव्यात आणि मगच मोठ्या अंतराकडे बघावं. भीती घालवणं एवढाच त्यात हेतू नाही. तीन खेळ एकामागून एक करताना कुठे हात राखायचा, हे मॅरेथॉनमध्ये शिकता येत नाही. आपल्या दमट हवेत तर शर्यत बहुतेकदा सायकलवर बिघडते आणि बिघडल्याचं धावताना कळतं. हे छोट्या शर्यतीत कळलेलं स्वस्त पडतं.

अंतर आणि तारीख

स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. ऑलिंपिक अंतर याच्या बरोबर दुप्पट असतं. २००० साली सिडनीला ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आली तेव्हापासून तिथे हेच अंतर आहे. त्यापुढे हाफ, म्हणजे गोव्याचं अंतर, आणि फुल. स्थानिक आयोजक अनेकदा स्प्रिंटहूनही लहान गट ठेवतात आणि पोहणं समुद्राऐवजी तरणतलावात घेतात. पहिल्या वेळेला असा गट मिळाला तर कमीपणा मानू नका. पोहणं अजिबातच येत नसेल तर एखादा हिवाळा डुएथलॉनवर काढा: धावणं, सायकल, पुन्हा धावणं.

तारीख डिसेंबर ते फेब्रुवारीमधलीच धरा. गणपती विसर्जन झालं की बारा-चौदा आठवडे पुढे मोजायचे, शर्यत डिसेंबरात येते. मधला ऑक्टोबर जीव काढतो, पण दोनेक आठवडे उन्हात हळूहळू सराव केला की शरीर उष्णतेला सरावतं आणि घाम लवकर सुटायला लागतो. हे पुढे कामाला येतं. टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारच्या सुमाराला असते. तिची पूर्ण मॅरेथॉन आणि पहिली ट्रायथलॉन एकाच महिन्यात कोंबू नका.

फॉर्म भरण्याआधी डॉक्टरांकडे एक फेरी मारा. चाळिशी उलटली असेल, बीपी-शुगरची गोळी चालू असेल किंवा घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल, तर ईसीजी आणि स्ट्रेस टेस्टबद्दल विचारून घ्या. ट्रायथलॉनमधले अचानक मृत्यू बहुतांशी पोहण्याच्या टप्प्यात झालेले आहेत, आणि पाण्यात छातीत दुखलं म्हणून कट्ट्यावर बसता येत नाही.

पाणी: सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त

धावणं आणि सायकल नुसत्या दमाच्या जोरावरही निभतात. पोहण्याला सवयीचे आठवडे द्यावेच लागतात, म्हणून पहिला पैसा आणि पहिला वेळ तलावावर घाला. दादरला शिवाजी पार्कजवळचा महात्मा गांधी स्मारक तलाव, अंधेरीचं शहाजी राजे क्रीडा संकुल, शिवाय चेंबूर, मुलुंड, कांदिवली. महापालिकेच्या तलावांवर ठरावीक वेळेच्या बॅच असतात, नोंदणीला गर्दी होते आणि सहसा डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात. सकाळची पहिली बॅच मिळाली तर घ्या. संध्याकाळच्या बॅचला कांदिवलीहून निघालेला माणूस लोकलमधूनच दमून येतो.

५० मीटरच्या तलावात ७५० मीटर म्हणजे १५ लेंग्थ, २५ मीटरच्या तलावात ३०. पहिले तीन-चार आठवडे हा आकडा विसरा. नवशिक्याचा दम हातापायांच्या ताकदीअभावी जात नाही. पाण्याखाली श्वास कोंडून ठेवल्याने जातो. तोंड पाण्यात असताना नाकातोंडातून सतत बुडबुडे सोडायचे, तोंड वळवल्यावर फक्त घ्यायचा. हे अंगवळणी पडलं की निम्मं काम झालं. मग ५० मीटर आठ वेळा, मध्ये वीस सेकंद विश्रांती. पुढे १०० मीटर सहा वेळा, नंतर २०० मीटर तीन वेळा, आणि शर्यतीच्या महिनाभर आधी न थांबता ७५०. घड्याळाकडे बघू नका, दम लागला का ते बघा. पाय जोरजोरात मारू नका. त्याच पायांनी पुढे पंचवीस किलोमीटर काढायचे आहेत.

फ्रीस्टाईल येत नसेल तर काय, हा प्रश्न हमखास येतो. ट्रायथलॉनमध्ये ठरावीक स्ट्रोकचं बंधन नसतं. ब्रेस्टस्ट्रोकने पूर्ण अंतर कापणारे दर शर्यतीत असतात. दम लागला तर बॉय (मार्गाच्या खुणेचा तरंगता फुगा) किंवा कयाक (छोटी होडी) धरून थांबायलाही परवानगी असते, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. ही एवढी माहिती असली तरी अर्धी धडधड कमी होते.

सायटिंगचा, म्हणजे पोहता पोहता दिशा बघण्याचा, सराव तलावातच करून ठेवा. समुद्रात तळाला काळी पट्टी नसते. दर सहा-आठ हातांनी पवईच्या मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर काढायचे, समोरचा बॉय हेरायचा आणि लगेच श्वासाला तोंड बाजूला. डोकं पूर्ण वर काढलंत की पाय खाली जातात आणि ब्रेक लागतो. पवईचं नाव निघालंच आहे तर सांगतो, तिथे खरोखरच मगरी आहेत. विहार आणि तुळशी हे तर पिण्याच्या पाण्याचे तलाव. खुल्या पाण्याच्या सरावासाठी या तिघांचाही विचार करू नका.

समुद्र आणि तिथी

मुंबईच्या चौपाट्यांवर एकट्याने सराव करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. पाण्यात सांडपाणी असतं, पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर डंख मारणारे निळे ब्लू बॉटल येऊन पडतात, उथळ गढूळ पाण्यात पाकटाच्या शेपटीचा काटा बसण्याची शक्यता असते, आणि अक्साला कुणी बुडाल्याची तर दर पावसाळ्यात बातमी होते. सोबत अनुभवी गट हवा, बोट किंवा कयाक हवी, कंबरेला भगव्या रंगाचा तरंगता फुगा हवा. यातलं एक जरी नसेल तर तलावातच पोहा.

शर्यत समुद्रात असेल तर आधी कॅलेंडर काढा. आपल्याकडे दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. कोळीवाड्यात त्याचा एक ढोबळ हिशोब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातून बघायची. वरळीच्या एका नाखवांना मी विचारलं होतं, "काका, सकाळी पोहायला कुठला दिवस बरा?" त्यांनी जाळं विणता विणता मान वर न करता सांगितलं, "अष्टमी बघून या."

त्यामागचं गणित सरळ आहे. अष्टमीच्या आसपास भरती सकाळी सहाच्या सुमाराला येते आणि ती भांगाची असते, म्हणजे पाण्याची चढउतार कमी, ओढ कमी. याउलट पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. भरती दुपारी बाराच्या आसपास चढते, साडेचार मीटरच्याही वर जाते, आणि पहाटे पाणी पार आत गेलेलं असतं. अशा दिवशी सातच्या स्टार्टला तुम्ही पोहण्याआधी चिखलातच चालत बसता, आणि पुढे पाणी वेगाने चढताना बाजूला ढकलतं. चांगले आयोजक तारीख ठरवतानाच हे बघतात. तरी आपल्या तारखेची तिथी आपण बघून ठेवावी. ब्रीफिंगमध्ये पाण्याची ओढ कुठल्या दिशेला असेल हे विचारावं, आणि बॉयच्या थोडं वरच्या अंगाला, म्हणजे ओढ जिकडून येते तिकडे, रोख धरून पोहावं.

वेटसूटवर पैसे घालवू नका. आपलं पाणी कोमट असतं, आणि एका मर्यादेपेक्षा कोमट पाण्यात वेटसूट घालायला नियमांतच मनाई आहे. मान, काखा आणि मांड्यांना पेट्रोलियम जेली मात्र भरपूर लावा. खाऱ्या पाण्याने कातडी कशी सोलवटते ते संध्याकाळच्या आंघोळीला कळतं.

समुद्राची भीड चेपायची असेल तर मालवणला चिवला बीचवर हिवाळ्यात समुद्री जलतरण स्पर्धा होते, तिथे लहान अंतराचा गट बघा. नुसतं पोहायचं, पुढे सायकलची काळजी नाही. पाणीही आपल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ.

सायकल: आहे ती आणा

ऑफिसातल्या एका मुलीने विचारलं, "दादा, पहिल्या शर्यतीला कुठली सायकल घेऊ?" मी म्हटलं, "घरात आहे ती आण." तिच्याकडे साधी हायब्रिड होती. ब्रेक नीट लागत होते, गिअर पडत होते. स्प्रिंटला यापेक्षा जास्त काही लागत नाही. आडव्या हँडलची हायब्रिड आणि रोड बाईक यांत नवशिक्याला २० किलोमीटरमागे काही मिनिटांचा फरक पडतो. तेवढीच मिनिटं नीट बसवलेल्या सीटने आणि भरलेल्या हवेने मिळतात. सीटची उंची अशी हवी की पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. टायरच्या कडेला हवेचा दाब छापलेला असतो, शर्यतीच्या सकाळी तो पंपाने मोजून भरा. सामान लागलं तर काळबादेवीला सायकलची दुकानं आहेत, पोहण्या-धावण्याचं किरकोळ सगळं धोबीतलावला मिळतं.

हेल्मेटवर काटकसर नको. ट्यूब बदलायला शिका. घरी चाक काढून, टायर लिव्हरने टायर उचलून, ट्यूब घालून, पंपाने हवा भरेपर्यंत सगळं स्वतः करा. शर्यतीत बाहेरच्या माणसाची मदत घेतली तर बाद करतात, आणि रस्त्याला पंक्चरवाला असला तरी तो मोटारसायकल सोडून तुमच्याकडे येणार नाही.

कुठे चालवायची हा मुंबईतला खरा प्रश्न. सी लिंक, कोस्टल रोड आणि अटल सेतूवर सायकलला बंदी आहे. राहतं ते पहाटेचं शहर. नरिमन पॉइंट ते गिरगाव चौपाटी पहाटे साडेपाचला रिकामं असतं, पण सहा-साडेसहानंतर चालणारे, कुत्री आणि बस सगळेच उतरतात. नवी मुंबईकरांना पाम बीच रोड आहे, सलग आणि सपाट. चढासाठी ठाणेकर येऊर गाठतात. आरेचा रस्ता सावलीचा, पण खड्डे आणि वळणं सांभाळून. मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा, उजेड असला तरी चालू ठेवा. पेव्हर ब्लॉक आणि मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी प्लेटा ओल्या असल्या तर त्यांवर ब्रेक दाबायचा नाही आणि हँडल वळवायचं नाही, सरळ पार व्हायचं. समुद्राकाठून आलात की साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने फ्रेम पुसा, चेन कोरडी करून थेंबभर तेल द्या. खारी हवा दोन आठवड्यांत चेनला तांबेरा चढवते.

महिन्यातून एकदा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट पकडा. सायकल घेऊन जाता येतं, तासाभरात पलीकडे. मांडवा ते अलिबाग सुमारे वीस किलोमीटर, जाऊन-येऊन बरोबर ऑलिंपिक अंतर होतं. रस्त्याला छोटे चढ आहेत, एसटी आहे, मध्येच म्हशीही आहेत. शर्यतीतही रस्ता पूर्ण बंद मिळेलच असं नाही, तेव्हा हा सराव बरा. अलिबागला ओहोटी असेल तर लोक कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाताना दिसतील. समुद्र किती आत जातो ते तिथे डोळ्यांनी कळतं.

हौशी गटात सहसा ड्राफ्टिंगला मनाई असते. पुढच्या सायकलच्या मागे चिकटून वारा वाचवायचा नाही, साधारण १० ते १२ मीटर अंतर ठेवायचं, ओलांडायचं तर रेंगाळू नका. रविवारच्या ग्रुप राइडमध्ये चाकाला चाक लावून जायची सवय लागलेल्यांना हा नियम जड जातो.

सायकलवरून उतरून धावणं

हा सराव ज्याने केला नाही त्याची शर्यत शेवटच्या टप्प्यात कळते. सायकलवरून उतरल्यावर पहिली पाच-सात मिनिटं मांड्या आपल्या नसतात, पावलं कुठे पडतात ते कळत नाही. सायकलला जोडून धावण्याच्या या सरावाला ब्रिक म्हणतात. शर्यतीआधीच्या सहा आठवड्यांत दर शनिवारी किंवा रविवारी सायकल संपली की लगेच शूज बदलून दहा मिनिटं धावा. पुढे वीस. वेग नको, फक्त पायांना बदलाची सवय हवी. मरीन ड्राइव्ह यासाठी उत्तम. साडेतीन किलोमीटरचा सपाट पट्टा, सायकल कुणा मित्राच्या नजरेखाली ठेवून धावता येतं.

आता तो हिशोब, ज्यासाठी मी छोट्या शर्यतीचा आग्रह धरतो. समजा तुमची सायकल ताशी २५ किलोमीटरची आहे. २० किलोमीटरला ४८ मिनिटं लागतात. जोशात येऊन २७ने मारलीत तर साडेचव्वेचाळीस, म्हणजे साडेतीन मिनिटांची कमाई. पण त्या जोशाने मांड्या भरल्या आणि धावणं किलोमीटरला ७ मिनिटांवरून ८ वर घसरलं, तर ५ किलोमीटरमध्ये ५ मिनिटं गेली. हाफमध्ये हीच घसरण २१ मिनिटांची होते, आणि दहा वाजताच्या उन्हात ती एका मिनिटावर थांबतही नाही. म्हणून सायकलवर एकच कसोटी ठेवा: सोबत कुणी असता तर पूर्ण वाक्य बोलता आलं असतं का? शेवटच्या तीन किलोमीटरला एक गिअर हलका करून पाय भरभर फिरवा, उतरताना पाय मोकळे राहतात.

पहिल्या स्प्रिंटचा अंदाज असा धरा: पोहणं २० मिनिटं, सायकल ४८, धावणं ३५, दोन्ही ट्रान्झिशन (एका खेळातून दुसऱ्यात जाताना लागणारा वेळ) मिळून ७. एक तास पन्नास मिनिटं. हे तीन आकडे तुमच्या सरावातून काढा, व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या फोटोतून नको.

आठवडा कसा बसवायचा

नोकरी, लोकल आणि घर धरून आठवड्याला सहा ते सात तास मिळतात. तेवढे स्प्रिंटला पुरतात. मंगळवार आणि गुरुवारी सकाळी तलाव. बुधवारी चाळीस-पन्नास मिनिटं धावणं, शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती किंवा घराजवळ जिथे फुटपाथ धड असेल तिथे. शुक्रवारी घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) सायकल, नाहीतर सुट्टी. खालच्या मजल्यावरच्यांची झोप मोडू नये म्हणून ट्रेनरखाली जाड रबरी चटई टाका. सोसायटीत तक्रार एकदा गेली की पुढचा महिना त्यातच जातो. शनिवारी थोडं लांब पोहणं. रविवारी पहाटे सायकल आणि तिला जोडून धावणं. सोमवारी काही नाही.

बहुतेक सराव सावकाशच व्हायला हवा. दर चौथ्या आठवड्याला सगळं एक तृतीयांश कमी करा. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात निम्मं करा आणि उरलेला वेळ झोपा. कल्याण-विरारकरांना हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, मला कल्पना आहे. पण पहाटे साडेचारला उठणाऱ्याने रात्री अकराच्या मालिका सोडाव्याच लागतात.

सराव पावसातच सुरू केला असेल तर साचलेल्या पाण्यातून धावू नका, पायाला खरचटलेलं असेल तर मुळीच नको. लेप्टोचा ताप आपल्याकडे दर वर्षी येतो.

खाणं, पाणी आणि मीठ

घाम किती जातो ते घरीच मोजा. तासभर धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. तो सगळाच्या सगळा शर्यतीत भरून काढायचा नसतो, पाणी थोडं-थोडं प्यायचं. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन चक्कर-उलटीपर्यंत वेळ येते, म्हणून मीठ हवं.

इथे एक गैरसमज आहे. ओआरएसची पुडी हे इंधन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार एक लिटर ओआरएसमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, मोठ्या केळ्यातल्या कर्बोदकांच्या निम्मंच. ते मीठ-पाण्यासाठी घ्या, ताकद वेगळी खा. तासाच्या पुढच्या व्यायामाला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं धरतात. स्प्रिंटला सायकलवर एखादं केळं किंवा तीन-चार खजूर पुरे. चिक्की चवीला छान, पण दम लागलेला असताना चावायला अवघड आणि घशात अडकते. ऑलिंपिकपासून पुढे ताकदीची जेल लागू शकतात, त्यांची ओळख पोटाला सरावातच करून द्या.

आदल्या रात्री वरण-भात, बटाट्याची भाजी, झोप. बाहेरचं चमचमीत आणि कच्ची कोशिंबीर टाळा. सकाळी स्टार्टच्या अडीच-तीन तास आधी मऊ भात-दही, पोहे किंवा ब्रेड-जॅम, जे सरावाच्या दिवशी खात होतात तेच. साबुदाण्याची खिचडी काहींना बसते, पण दाण्याचं कूट आणि तूप हात राखून घाला, पोटात जड राहते. चहा रोज लागत असेल तर प्या.

ट्रान्झिशन: जमिनीवरचा एक टॉवेल

पोहण्यातून सायकलवर जाणं म्हणजे टी-वन, सायकलवरून धावण्यावर टी-टू. तुम्हाला सायकल अडकवायला एक जागा आणि तिच्याखाली टॉवेलभर जमीन मिळते. मांडणी अशी करा. सायकल सीटने दांड्याला अडकवलेली, गिअर हलक्यावर, बाटली भरलेली. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर सोडलेले, आत गॉगल. टॉवेल दुमडून, पुढच्या भागात सायकलचे शूज किंवा तेच धावायचे शूज, आत चिमूटभर टाल्कम पावडर, मोजे गुंडाळी उलगडून बोटांपर्यंत तयार. ओल्या पायावर मोजा चढवताना जो वेळ आणि तोल जातो, तो असा वाचतो. बाजूला साध्या पाण्याची छोटी बाटली: अर्धी तोंडातलं खारट घालवायला, अर्धी पायांची वाळू धुवायला. नंबरचा पट्टा टोपीखाली.

क्रम पाठ करा. आधी हेल्मेट डोक्यावर, बकल टक्‌ करून बंद, मगच सायकलला हात. परत आल्यावर सायकल दांड्याला लागली, मगच बकल उघडायचं. हे चुकलं तर दंड होतो. माउंट लाइन, म्हणजे सायकलवर बसायची रेघ, ओलांडेपर्यंत सायकलवर बसायचं नाही. नंबर सायकलवर मागे, धावताना पुढे. कानात इअरफोन नको, रिकामी पाकिटं रस्त्यावर टाकायची नाहीत, उघड्या अंगाने धावायचं नाही.

हे सगळं सोसायटीच्या पार्किंगमध्ये करून बघा. वॉचमनकाका हसतील, हसू द्या. टॉवेल अंथरायचा, डोक्यावरून बादलीभर पाणी ओतायचं, आणि ओल्या अंगाने हेल्मेट-मोजे-शूज. सरावाने टी-वन सहा मिनिटांवरून तीनवर येतो. ही तीन मिनिटं पोहण्यात कमवायची तर वर्ष जाईल.

मांडणी झाली की पाण्याच्या बाजूने चालत या आणि आपली रांग कुठल्या खांबाजवळ आहे ते बघून ठेवा. शेकडो सायकलींत, डोळ्यांत मीठ असताना, सगळ्याच आपल्या वाटतात.

शर्यतीचा दिवस

आदल्या दिवशी बिब (नंबरचा कागद), वेळ मोजायची चिप आणि ब्रीफिंग उरकून टाका. ब्रीफिंग चुकवू नका, किती वळसे मारायचे ते तिथेच कळतं आणि वळसे मोजायची जबाबदारी तुमची असते. सायकल न्यायला टपावर कॅरिअर असलेली काळी-पिवळी आदल्या रात्रीच ठरवा, नाहीतर चाकं काढून मोटारीच्या मागच्या सीटवर. परतीची वेळ रविवारी दुपारची असते, म्हणजे मेगाब्लॉकची. लोकलवर भरवसा ठेवून घरच्यांना जेवायची वेळ देऊ नका.

स्टार्टला कडेला आणि मागे उभे राहा. पहिल्या शंभर मीटरमध्ये लाथा-बुक्क्या पुढच्या लोकांत होतात. छाती आवळल्यासारखी वाटली तर उताणं होऊन दहा श्वास घ्या. ही घबराट बहुतेकांना येते आणि मिनिटभरात ओसरते. ओसरली नाही, छातीत दुखायला लागलं किंवा दम परत येईना, तर हात वर करून कयाक बोलवा. त्यात लाज नाही.

पाण्यातून उठताना हळू उठा, आडव्याचं उभं होताना डोकं गरगरतं. टी-वनपर्यंत चालत गेलात तरी चालेल. सायकलवर पहिली पाच मिनिटं फक्त श्वास खाली आणा, मग दोन घोट, मग खजूर. वारा समुद्रावरून येत असेल तर एका बाजूला वेग पडणारच, तिथे जोर लावून आकडा टिकवायला जाऊ नका. धावण्याचा पहिला किलोमीटर मुद्दाम हळू, प्रत्येक पाणीठाण्यावर एक ग्लास पोटात आणि एक डोक्यावर. घाम यायचा थांबला, थंडी वाजायला लागली किंवा भान हरपल्यासारखं वाटलं तर थांबा आणि स्वयंसेवकाला सांगा. उष्माघात मेडल बघत नाही.

नंतर

पहिल्या तासात मिठाचं काहीतरी प्या. कोकम सरबत किंवा ताक झकास. मग पोटभर जेवा. सायकल त्याच दिवशी धुवा, सोमवारपर्यंत ठेवलीत तर चेन आणि स्क्रू लाल होतात. दोन दिवस चालणं किंवा सावकाश पोहणं, बाकी काही नको.

निकाल आला की एकूण क्रमांकाऐवजी तीन खेळ आणि दोन ट्रान्झिशन अशा पाचही टप्प्यांच्या वेळा वेगळ्या लिहून काढा. धावणं तुमच्या ताज्या पायांच्या ५ किलोमीटरपेक्षा किलोमीटरमागे अर्ध्या-पाऊण मिनिटाहून जास्त मंदावलं असेल, तर सायकल जोरात गेली. पुढच्या स्प्रिंटला फक्त तेवढंच सुधारा. पोहणं पंचवीस मिनिटांच्या पुढे गेलं असेल तर तीन महिने तलाव.

दोन स्प्रिंट झाल्या की एक ऑलिंपिक अंतर. कोल्हापूरला राजाराम तलावात पोहून पुढे सायकल-धावणं अशी स्पर्धा होत आलीय, तलावाचं पाणी असल्याने भरती-ओहोटीची भानगड नाही. तिथे धावणं शेवटपर्यंत धावत झालं, चालावं लागलं नाही, तर गोव्याचा फॉर्म भरा. भरून बसलाच असाल तर आयोजकांच्या पानावर नोंदणी पुढच्या वर्षावर ढकलायची मुदत काय आहे, ते आजच बघून ठेवा.